दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न

लोकसभेच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांच्या यादीत आमच्या खासदारांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले, तेव्हा कार्यालयात पेढे मागवावेत असे मला वाटले होते, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. महाराष्ट्रातील विरोधी पक्षाच्या एका खासदारांच्या दिल्लीतील कार्यालयात मी संसदीय कामकाज पाहतो. प्रश्न, शून्य प्रहरातील मुद्दे, नियम ३७७ खालील निवेदने, विधेयकांवरील टिपणे आणि मंत्र्यांना जाणारी पत्रे यांचे मसुदे माझ्या हातचे असतात. हे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्या तीनांत लागलेला तारांकित प्रश्न ही खासदाराच्या कारकिर्दीत मोजक्या वेळा येणारी गोष्ट आहे.

कारण असे की प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि ५४३ सदस्यांच्या सभागृहातून येणाऱ्या सूचनांची सोडत काढली जाते. त्यातून एका दिवसासाठी फक्त वीस प्रश्न तारांकित यादीत बसतात आणि एका सदस्याच्या वाट्याला त्यांपैकी एकच येऊ शकतो. बाकीचे २३० पर्यंत प्रश्न अतारांकित यादीत जातात आणि त्यांना केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित वीसांपैकी अकरा ते बारा या एका तासात सभागृह सुरळीत चालले तरी जेमतेम पाच-सहा प्रश्नांपर्यंत मजल जाते. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली असे मानले जाते आणि विषय संपतो. म्हणून दुसरा क्रमांक म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभे राहून, कागदात लिहिलेले नाही असे काहीतरी बोलावे लागेल याची जवळजवळ खात्री.

आमचा प्रश्न पीक विम्याचा होता. अतिवृष्टीने शेतात पाणी साचून नुकसान झाले, तर शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यायची असते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली, तेव्हापासून या ७२ तासांनी जेवढे दावे गिळले आहेत तेवढे दुष्काळानेही गिळले नसतील, असे आमच्या मतदारसंघातले शेतकरी म्हणतात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत असली, तरी त्यांच्याकडे कागद होते. वेळेत दिलेल्या सूचनांचे पावती-क्रमांक, त्यानंतर कोणीच पाहणीला न आल्याच्या तक्रारी, आणि शेवटी ‘सूचना मुदतीत प्राप्त नाही’ असा एका ओळीचा नकार. प्रश्नाची शब्दमर्यादा दीडशे असते. त्या मर्यादेत मी चार भाग बसवले, आणि ‘कारणे काय’ हा शब्दप्रयोग मुद्दाम फक्त शेवटच्या भागात वापरला, कारण कारण विचारले की मंत्रालय योजनेचा इतिहास सांगायला मोकळे होते.

खरे कौशल्य मात्र उपप्रश्नांत असते. मंत्र्यांच्या उत्तरानंतर मूळ प्रश्न विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न मिळतात, तेही अध्यक्षांचा संयम असेपर्यंत. वर्तमानपत्रात नाव येईल असे जळजळीत वाक्य घालून ते दवडणारे खासदार पुष्कळ आहेत, आणि त्यांना तसे लिहून देणारे सहायक त्याहून जास्त. चांगला उपप्रश्न एकाच गोष्टीबद्दल असतो. दोन गोष्टी एकत्र विचारल्या, तर मंत्री त्यातल्या सोप्या गोष्टीचे सविस्तर उत्तर देऊन खाली बसतात. त्यात ‘किती’ आणि ‘केव्हा’ असावे, प्रास्ताविक नसावे, आणि पहिला उपप्रश्न इतका साधा असावा की मंत्र्यांनी बेसावधपणे ‘हो’ म्हणावे, म्हणजे दुसरा त्या ‘हो’वर उभा राहतो. त्या दिवशी सकाळी लेखी उत्तर हातात आले. ते नियमाला धरून होते, राज्यवार तक्ता जोडलेला होता आणि मुदतीत सूचना देऊनही पाहणी न झालेल्या प्रकरणांचा आकडा त्यात कुठेही नव्हता. नेमकी तिथेच आमची दोन वाक्ये बसत होती. पहिले होते, मुदतीत आलेल्या सूचनेवर ठरलेल्या काळात पाहणी करणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे का. दुसरे होते, तसे असेल तर ती न केल्याबद्दल आजवर किती कंपन्यांवर कारवाई झाली. खासदारांनी ती गाडीत दोनदा मोठ्याने वाचली आणि ‘हे जमलंय’ म्हणाले. ते मेहनती आहेत, हे मी आवर्जून नोंदवतो.

मतदारसंघातून चार शेतकरी त्यासाठी आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उडी मारल्यापासून प्रवेशपत्र मिळवणे हे वेगळे प्रकरण झाले आहे. त्याची हकिगत इथे सांगत नाही. एवढेच की गॅलरीत जाताना फोन, पिशवी, कागद काहीही नेता येत नाही. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर काकांकडे नाडीने बांधलेली फाइल होती, ती तपासणीच्या ठिकाणी ठेवताना त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला दोनदा बजावले, ‘दादा, हे मागं-पुढं करू नका, यात सगळ्या गावाचं हाय.’

साडेदहाच्या सुमारास पक्षाच्या प्रतोदांचा निरोप आला. एका वेगळ्याच विषयावर चर्चेची मागणी मान्य होत नसल्यामुळे सर्व सदस्यांनी आधी संसद भवनाच्या मकर द्वाराच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहायचे होते आणि सभागृह सुरू होताच हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरायचे होते. ती मागणी अयोग्य होती असे मी म्हणणार नाही. सरकारने चर्चा टाळली होती हे खरे आहे, आणि सत्तेत बसलेल्यांना गदारोळाचा किती त्रास होतो याबद्दल मला शंका आहे. ज्या दिवशी प्रश्नोत्तरे होत नाहीत त्या दिवशी एकाही मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही, आणि विधेयके गोंगाटातही आवाजी मतदानाने मंजूर होतात. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तर खर्चाच्या मागण्याही लोकसभेने चर्चेविना मंजूर केल्या.

अकराला कामकाज सुरू झाले आणि घोषणाही सुरू झाल्या. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरे तशीच पुढे रेटली. पहिला प्रश्न सत्ताधारी बाजूच्या सदस्याचा होता, तो त्या गोंगाटात उरकला. मग आमच्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला. मंत्री उठले, ‘विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ एवढे वाक्य बोलून बसले, आणि अध्यक्षांनी आमच्या खासदारांचे नाव घेतले. ते हौद्यात दुसऱ्या रांगेत होते. अध्यक्ष म्हणाले की आपल्या जागेवर जा, तुम्हाला संधी देतो. नियमाप्रमाणे सदस्याला स्वतःच्या जागेवरूनच बोलता येते, आणि ती जागा तिथून फार तर वीस पावलांवर होती. खासदारांनी मान वळवून आपल्या बाकाकडे पाहिले, मग पक्षाच्या गटनेत्यांकडे पाहिले, आणि गटनेत्यांनी काहीच खूण केली नाही. दुसऱ्यांदा नाव घेतले गेले. त्यांनी फलक थोडा खाली घेतला, पण पाय हलले नाहीत. थोड्याच वेळात सभागृह बारापर्यंत तहकूब झाले. बाराला कागदपत्रे पटलावर ठेवण्यापुरते ते भरले आणि दोनपर्यंत तहकूब झाले. दोननंतर दिवसभरासाठी.

टीव्हीवर पाहणाऱ्यांना यातले फारसे दिसले नसेल, कारण गोंधळ सुरू झाला की कॅमेरा बहुतेक वेळ अध्यक्षांच्या आसनावर असतो. पण आम्ही वरून सर्व पाहत होतो, आणि बाहेर आल्यावर ते काका समाधानाने म्हणाले, ‘साहेब लई ओरडत व्हते. आपलंच मांडत असतील.’ तसे नव्हते, हे मी त्यांना सांगितले. विषय दुसरा होता आणि आपला प्रश्न पुकारला गेला तेव्हा साहेब जागेवर नव्हते, असे स्पष्ट सांगितले, कारण इतक्या लांबून आलेल्या माणसाला हे समजलेच पाहिजे असे मला वाटले. त्यांच्याबरोबरच्या तरुणाला ते आधीच समजले होते. तो म्हणाला, ‘आमी रास्ता रोको केला की गुन्हे दाखल होतात. इथं रोज रास्ता रोकोच चालू हाय.’

कायद्याने त्या दिवशी खासदारांना कोणीही अडवले नव्हते, आणि इतके दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही ते हेच. १९८५ मध्ये आलेल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्याचे किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पण तो आदेश मतदानापुरता आहे. हौद्यात उतरले नाही किंवा जागेवर बसून पीक विम्याबद्दल दोन वाक्ये विचारली म्हणून कोणाचे सदस्यत्व गेल्याचे मला ठाऊक नाही. उलट, हौद्यात उतरणाऱ्यालाच नियम ३७४-अ खाली निलंबित करता येते, आणि २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते. म्हणजे कायद्याच्या बाजूने पाहिले तर धोका हौद्यात होता आणि सुरक्षितता बाकावर होती, तरीही सर्व जण हौद्यात होते. संध्याकाळी मी हे खासदारांपुढे मांडले, तेव्हा ते म्हणाले, ‘कायद्यात नाही, पण तिकीट कायदा देत नाही.’

आज विरोधात असलेलेच असे वागतात, हा समज सोयीचा असला तरी खोटा आहे. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेले, तेव्हा विरोधी बाकांवर भारतीय जनता पक्ष होता. २०२१ चे पावसाळी अधिवेशन पेगासस हेरगिरी प्रकरणावरून कोलमडले, तेव्हा तिथे काँग्रेस होती. बाक बदलले की दोन्ही बाजूंची भाषणेही अदलाबदल करून वापरता येतात, इतकी ती सारखी असतात.

आणि लोकांबद्दलही बोललेच पाहिजे. संसद चालत नाही म्हणून चिडलेल्या लोकांचे फोन आमच्याकडे येतात, आणि ती चीड खरी असते. पण त्याच दिवशी मकर द्वारावरच्या पायऱ्यांवर फलक धरलेला खासदारांचा फोटो मतदारसंघातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरला, ‘वाघ’ म्हणून कौतुक झाले, आणि पक्ष कार्यालयातून अभिनंदनाचा फोन आला. याआधी खते आणि ग्रामीण रस्त्यांवरच्या आमच्या प्रश्नांना चांगली लेखी उत्तरे मिळाली होती, ती मी स्वतः मराठीत करून त्याच गटांवर टाकली होती. त्यांवर एकानेही काही विचारले नाही. कोणते काम मोजले जाते हे खासदारांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

त्यानंतर आम्ही नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना दिली. उत्तरातून निर्माण होणाऱ्या मुद्द्यासाठी ती तरतूद आहे, पण अशी चर्चा दिवसाच्या कामकाजाच्या शेवटी होते, आणि शेवटापर्यंत कामकाज चालण्याचे दिवस त्या अधिवेशनात उरले नव्हते. आता मंत्र्यांना पत्र गेले आहे. काकांच्या फाइलमधल्या पावत्यांच्या छायाप्रती त्याला जोडल्या आहेत, आणि पोच मिळाली आहे.

मी खासदारांकडे एकच मागणी केली. प्रश्नांची यादी काही दिवस आधी हातात असते, तेव्हा ज्या दिवशी आपला प्रश्न पहिल्या पाचांत असेल त्या दिवशी आपण जागेवर बसणार असे पक्षाला आधीच कळवावे. त्यांनी खरोखरच ते वर विचारले, याबद्दल मी त्यांचा आदर करतो. उत्तर आले की एकाला अशी सूट दिली, तर ज्याचा-ज्याचा प्रश्न लागला आहे तो प्रत्येक सदस्य रोज सूट मागेल, मग हौद्यात उतरणार कोण. मी खासदारांना म्हणालो की पक्षाला माझे म्हणणे अगदी बरोबर समजले आहे.