काटा तोच, माणूस तोच, मग दोन किलो आले कुठून?

मंडळी, आधी आकडा सांगतो म्हणजे निम्मा राग तिथेच ओकून होईल. मी राहतो जर्मनीत. तिथल्या स्टुटगार्टहून निघायच्या सकाळी वजनकाट्यावर माझं वजन ८०.४ किलो. गणपतीसाठी बेळगावला आलो, आठवडा होतोय न होतोय तोवर ८२.५. काटा तोच, वेळ तीच, उपाशीपोटी.

हो, काटा तोच. जर्मनीतला काटा मी सामानातून घेऊन आलोय. आईचं म्हणणं, तेवढ्या जागेत चॉकलेटं मावली असती. पण दोन काटे एकसारखं दाखवतीलच असं नाही, म्हणून इकडच्या काट्यावर तिकडचं वजन ताडून बघण्याला काही अर्थ नाही. पहिल्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा. खोलीवर परतायच्या आधी स्टेशनातल्या बेकरीत लोणी लावलेलं ब्रेझेल घ्यायचो. त्याच्यापायी अंगावर चढलेलं वजन उतरवायला बरीच खटपट केली. ते इतक्या सहज परत येतं म्हणजे काय?

पहिला संशय जमिनीवर. आमचं बेळगावातल्या शहापुरातलं घर जुनं, खाली शहाबादी फरशी. उंबऱ्याजवळ काटा ८१.६ दाखवतो, देवघराच्या बाजूला ८२.९. ह्या काट्यांच्या चारही पायांत सेन्सर असतात. एक पाय जरा अधांतरी राहिला की हिशेब बिघडला. स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा परसात पडून होता. तो आणून खाली वाळू पसरली, लेव्हल लावून पक्का बसवला. त्यावर दर वेळी ८२.५ येतं, शंभर ग्रॅमही इकडेतिकडे नाही. जमिनीचा गोंधळ संपला, वजन मात्र राहिलं तिथेच.

मग डोक्यात गुरुत्वाकर्षण शिरलं. हसू नका. काट्याला कळतो तो दाब, वस्तुमान त्याला कळत नाही. स्टुटगार्ट जवळजवळ ४९ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर. बेळगाव १६ अंशाच्याही खाली, आणि उंची साधारण साडेसातशे मीटर. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे, शिवाय फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे सरकावं तशी ओढ कमी होते. तिकडे ९.८१ तर इकडे ९.७८. फरक पाव टक्क्याहून किंचित जास्त, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसामागे दोनशे ग्रॅमच्या वर. जर्मनीत दुकानातल्या प्रमाणित काट्यांवर ते कोणत्या गुरुत्व-विभागासाठी जुळवलेत तेही लिहिलेलं असतं. मी तर म्हणतो, बाथरूमच्या काट्यावरही लिहावं.

निघण्याआधी तिथल्या जिममधल्या स्पर्धेच्या वीस किलोच्या चार प्लेटा ह्याच काट्यावर ठेवून बघितल्या होत्या, बरोबर ८०.० आले होते. इथे तशा प्लेटा कुठल्या मिळायला? पण आपलं गाव फाउंड्र्यांचं. उद्यमबागेतल्या दोस्ताकडे वीस-वीस किलोची बिडाची वजनं आहेत. अॅक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवून ती घरी आणली. असं वजन जवळून कधी बघितलं नसेल तर बघा. वरून तेलकट काळं, धरायला मूठ. एका भोकात शिसं ठोकून बसवलेलं आणि त्या मऊ शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का. वजन जुळवायचं ते त्याच भोकात, शिसं घालून किंवा काढून. म्हणून कुणी शिसं उकरलं की शिक्का गेलाच. दरवेळी तपासणीला गेलं की नवा शिक्का पडतो. एका वजनावर तर शिक्क्यावर शिक्का पडून नुसती नक्षी झाली आहे.

चारही वजनं काट्यावर चढवली. ७९.८!

मी एवढा खूश झालो की आजी बाहेर येऊन विचारती झाली, "लॉटरी लागली काय रे?" उंबऱ्याबाहेर न जाता गुरुत्वाकर्षण मोजलं होतं मी. दोस्त मात्र शांतपणे म्हणाला, "मर्दा, काटा कमी दाखवतोय म्हणजे तुझं खरं वजन ८२.७ की." खरंच की. फरक कमी व्हायचा तो वाढलाच. दोन पूर्णांक तीन किलो.

आता राहिलं शरीर. चरबीचा हिशेब मांडून बघू. एका किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरतात. २.३ किलो म्हणजे सतराएक हजारांच्या वर. ते सात दिवसांत वाटले तर रोजच्या गरजेवर आणखी अडीच हजार. मामीनं ताटात मोदक ढकलले, प्रत्येक पाहुण्याच्या हातात कुंद्याचा डबा होता, सगळं मान्य. पण एवढं खायला पैलवान लागतो.

तेव्हा हे पाणी. लांबच्या विमानप्रवासात पाय सुजतात, मोज्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. लोणचं, पापड, सांडगे, म्हणजे मीठच मीठ. आणि भात! तिकडे मी भात फारसा करत नाही, राय धान्याचा आंबूस पाव आणि डाळ यांवर चालतं. इथे मात्र घरचा बेळगाव बासमती, दोन्ही वेळा. स्नायू आणि यकृत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजन (शरीरातला साखरेचा साठा) साठवतात आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतात. माझा साठा तिकडे अर्धामुर्धा रिकामा असेल तर एवढ्यानंच किलोभर वजन हलतं. कंबर बघितली, ९२ ची ९२.५. पोटावर आठवडाभराचं पक्वान्न साचलंय असं टेप तरी म्हणत नाही.

काट्यातल्या चरबीच्या टक्क्याविषयी एकदाच बोलतो. ह्याच आठवड्यात तो २४.८ वरून २२.१ वर आला. मोदक खाऊन! काटा तळपायांतून बारीकशी वीज सोडून चरबीचा अंदाज बांधतो. अंगात पाणी वाढलं की ती वीज सहज वाहते आणि यंत्राला वाटतं गडी बारीक झाला. त्या बटणासाठी जास्त पैसे मोजू नका. खडेबाजारात शिंप्याची टेप मिळते, ती जास्त खरी बोलते.

लोकांचा प्रश्न वेगळाच आहे. इथे बारीक होणं म्हणजे आजारपण. गल्लीतून जाताना "बरं नाही काय रे तुला?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता नुसता हात हलवतो. गंमत म्हणजे तिकडच्या डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यात माझा २६.५ बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) म्हणजे नुसतं जास्त वजन, लठ्ठपणा ३० पासून. भारतीयांसाठीची रेघ २५ वर आहे, पुरुषांच्या कमरेची ९० सेंटिमीटरला. म्हणजे मी फ्रांकफुर्टला विमानात बसलो तेव्हा जरा जाड होतो आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरलो तो लठ्ठ होऊनच. गल्लीला मात्र मी खंगलेला दिसतो.

एक गोष्ट जमली, तेवढी मिरवू द्या. तिकडे माझा सगळा भार मागरक्वार्कवर, म्हणजे साय काढलेल्या दुधाच्या जर्मन चक्क्यावर असतो. शंभर ग्रॅममध्ये बारा ग्रॅम प्रथिनं, चरबी जवळपास नाहीच, आणि डबा स्वस्त. इथे मिळत नाही. मग नंदिनीचं टोन्ड दूध विरजलं आणि दही रात्रभर मलमलीत टांगलं. दुधातला ३ टक्के स्निग्धांश पाणी निथळल्यावर आणखी दाटतो, पण पोत अगदी तसा! वर जवसाची चटणी. आई म्हणाली, "साखर न घालता चक्का खाणारा माणूस आमच्या घराण्यात झाला नव्हता." पुढच्या खेपेला दूध तापवून रात्रभर ठेवणार आणि साय पूर्ण काढून विरजणार.

बेत असा होता की सुट्टीभर भात बंद. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? पाणी जायचं ते जाणारच. भात राहू दे, लोणचं-पापड परवापासून बंदच आहे, आणि एका दिवसाचा आकडा सोडून सात दिवसांची सरासरी लिहितो. चालण्याचं मात्र अवघड आहे. स्टुटगार्टात चारशेच्या वर जुने जिने आहेत, घरी जायचं म्हणजे चढायचंच. इथे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडी सुंदर, पण जमीन सपाट आणि पावसानं चिखल. उघडीप मिळाली की राजहंसगड किल्ला. येळ्ळूरपर्यंत गाडी, पुढे पायी.

आज सकाळी ८१.४ होते. लोणचं बंद करून दोनच दिवस झालेत.

आखातातल्या आणि आयर्लंडातल्या मंडळींना एक विनंती. दिवाळीला गावी येताना कुणी काटा बरोबर आणणार असेल तर तिकडे एखादं पक्कं वजन ठेवून आकडा टिपून ठेवा. इथली वजनं माझ्या दोस्ताकडे आहेत, नेताना आणताना शिशाला धक्का लावायचा नाही एवढीच त्याची अट.