दिसत होता, मग बोलला का नाहीस?

मंगळवारी रात्री साडेनऊच्या मॅचमध्ये माझ्यामुळे एक पोरगा आडवा झाला. मी त्याला हातही लावला नव्हता, आणि तो आमच्याच टीमचा होता.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात येऊन मला तिसरं वर्ष. डिपार्टमेंटच्या पोरांनी हौसेखातर बास्केटबॉलची टीम काढली आहे, त्यात मी. उंची सहा फूट एक इंच. सांगलीत एवढ्या उंचीवर चार टोमणे आणि गल्लीतल्या सगळ्या ट्यूबलाइटी बदलायची कामं मिळायची. इथे मला सरळ 'बिग' म्हणून बास्केटजवळ उभं केलं.

तर झालं असं. मी ज्याला धरून होतो तो गडी, खांदे दाराच्या चौकटीएवढे, मला सोडून वर पळाला आणि बॉलवाल्याला अडवणाऱ्या आमच्या गार्डच्या डाव्या खांद्याशी पाय रोवून उभा राहिला. मला सगळं लख्ख दिसत होतं. गार्डची पाठ माझ्याकडे, नजर बॉलवर. बॉलवाला डावीकडे निघाला, आमचा गार्ड त्याच्याबरोबर वळला आणि थेट त्या भिंतीवर आदळला. वरून नारळाचं पोतं टाकावं तसा आवाज. बॉलवाला मोकळा, दोन गुण.

मी रेफरीकडे धावलो, फाउल पाहिजे म्हणून. त्यानं दोन्ही हात पसरले. असं वाटेत भिंत होऊन उभं राहणं म्हणजे स्क्रीन. नियम असा की स्क्रीन लावणारा जागेवर स्थिर हवा, आणि समोरच्याला दिसणार नाही असा मागून लावला तर एका पावलाचं अंतर ठेवायचं. एवढं पाळलं की धडक कितीही जोरात बसो, तो अपघात. फाउल कुणाचाच नाही. माणूस जमिनीवर पडून छत बघतोय आणि गुन्हा घडलेलाच नाही! मी दोन दिवस या नियमावर धुमसत होतो. अजूनही थोडा धुमसतोय.

पण कॅप्टन रेफरीकडे बघतही नव्हता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुला तो दिसत होता?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

चिडून नाही हो, खरंच कळेना म्हणून विचारलं. ते जास्त लागलं.

इथल्या हिशेबात बॉल स्क्रीनची, म्हणजे बॉलवाल्यासाठी लावलेल्या स्क्रीनची, जबाबदारी धडक बसणाऱ्याची नाही, मागून बघणाऱ्याची. ज्याचा गडी स्क्रीन लावायला निघाला, त्यानं तो पोचायच्या आत ओरडायचं: स्क्रीन लेफ्ट, स्क्रीन लेफ्ट, स्क्रीन लेफ्ट. लवकर, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. आणि पुढे काय करायचं तेही त्यानंच सांगायचं, कारण पुढे पाच-सहा वाटा फुटतात. 'ड्रॉप' म्हणजे बिगनं मागे सरून बास्केट राखायचं आणि गार्डनं स्क्रीनवरून घासून बॉलवाल्याचा पाठलाग करायचा. 'हेज' म्हणजे बिगनं बॉलवाल्याच्या वाटेत दोन-तीन पावलं आडवं जायचं, गार्ड सावरला की जिवाच्या आकांतानं आपल्या गड्याकडे परत. 'स्विच' म्हणजे सरळ अदलाबदल. 'आइस' मला सगळ्यात आवडतं. स्क्रीन कडेला लागत असेल तर गार्ड आधीच फिरून उभा राहतो, मधली वाट बंद करतो आणि बॉलवाल्याला साइडलाइनकडे हाकतो. स्क्रीन लावणारा बिचारा रिकाम्या जागेत खांबासारखा उभा.

ओरडताना डावं म्हणजे कुणाचं डावं, यावर मी पहिला आठवडा घालवला. गार्डची पाठ माझ्याकडे म्हणजे दोघांची तोंडं एकाच दिशेला, माझं डावं तेच त्याचं डावं. एवढं साधं. पण ऐन वेळी मेंदू आधी मराठीत 'डावा' म्हणतो, मग 'लेफ्ट' शोधतो, तोवर पोरगा आडवा.

बरं, आम्हाला बचाव शिकवायचं कारण नाही. मी शाळेत कबड्डी खेळलो आहे, उजवा मध्यरक्षक. चढाईला आलेला गडी ३० सेकंद, आणि योगायोग बघा, इथल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्येही २०१५ पासून शॉट क्लॉक, म्हणजे बॉल बास्केटकडे फेकायची मुदत, ३० सेकंदांचीच आहे. पण कबड्डीच्या साखळीत कुणी ओरडत नाही. ओरडलात तर चढाईवाल्यालाही ऐकू जातं. कोपऱ्यातल्या पोरानं हात दाबला की निघायचं, एवढंच. त्या दाबण्यातच कधी, किती आणि आत्ता की थांब, सगळं असतं. मला विचाराल तर ती कला याहून वरची. मी गप्प राहिलो तो आळसानं नाही, मला तसंच शिकवलं होतं. अर्थात बास्केटबॉलमध्ये गार्डचा हात माझ्या हातात नसतो, हा मुद्दा कॅप्टननं काढला नाही म्हणून मीही काढला नाही.

विद्यापीठाच्या मॅकी अरेना स्टेडियममध्ये पुरुषांच्या मॅचला चौदा हजारांवर लोक कोकलत असतात, खेळाडूंचं काही ऐकू येत नाही. महिलांच्या मॅचला पुढची जागा मिळते. परवा मुद्दाम गेलो आणि बॉलकडे न बघता फक्त ऐकलं. अखंड बडबड. मंडईत शेवटच्या अर्ध्या तासात असते तशी. कोपऱ्यातली मुलगी, जिच्याकडे बॉल येण्याची शक्यता नाही, तीसुद्धा बोलतेय, कारण आत धावणाऱ्या गड्याला धक्का देऊन परत कोपऱ्यात पळायचं काम तिचं.

आणि इतकं बोलूनही हरता येतं. माझ्या पहिल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, पर्ड्यू कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय फायनलला पोचलं. आम्ही आठ जणांनी मिसळ करून ती मॅच पाहिली. आमचा झॅक एडी सात फूट चार इंच. त्याला बाहेर धावडवण्यात अर्थ नाही, म्हणून बचावात तो मागे, ड्रॉपमध्ये. कॉलेजमध्ये त्यालाही सूट आहे, एनबीए या व्यावसायिक लीगसारखा बचाव करणाऱ्यानं तीन सेकंदांत बास्केटखालच्या रंगीत चौकटीतून बाहेर पडायचा नियम इथे नाही. एडीनं ३७ गुण केले आणि तरी आम्ही ७५-६० हरलो. समोरच्या युकॉननं, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठानं, आमचे स्क्रीन जवळजवळ दोघांतच निस्तरले: बिग मागे, गार्ड चिकटून वर, बाकी तिघे आपापल्या नेमबाजाला सोडायलाच तयार नाहीत. एडीला करू दे काय करायचं ते. अख्ख्या मॅचमध्ये पर्ड्यूला तीन गुणांचे फटके मारता आले सात, त्यातला एक आत गेला. मिसळ तशीच राहिली.

बुधवारी घरी फोन केला. बाबा नेहमीप्रमाणे "मजेत" म्हणाले. मग आई हळूच म्हणाली, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू, दहा दिवस झाले, आता छान दिसतंय. मी म्हटलं, अगं सांगायचं नाही का? "तू तिकडे एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर." माझ्या तोंडावर कॅप्टनचं वाक्य आलं होतं. पण मीही गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडून मनगट तीन आठवडे बांधून हिंडलो, आणि व्हिडिओ कॉलवर तो हात फ्रेमच्या बाहेर धरायचो. त्यामुळे गिळलं. काळजीपोटी गप्प बसणं इथल्या लोकांना कळत नाही, एवढं मात्र म्हणेन. डोळ्यात थेंब किती वेळा घालायचे ते विचारून फोन ठेवला.

गुरुवारी सराव. तोच आडवा झालेला गार्ड पुढे, खांद्यावर अजून निळा डाग. गडी निघाला. मला दिसला. मी तोंड उघडलं आणि 'स्क्रीन लेफ्ट'ऐवजी बाहेर पडलं, "अरे अरे अरे अरे!"

गार्ड दचकला, डावीकडे बघितलं आणि खांदा तिरका करून स्क्रीनवरून सुटला.

कॅप्टननं शिट्टी मारून खेळ थांबवला. मला वाटलं, आता परत क्लास. तो म्हणाला, याचा अर्थ काय? मी सांगितलं, तसा काही नाही, पण सगळ्यालाच चालतं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, समोरच्यांना कळणार नाही, हेच ठेवू. डावीकडे एकदा 'अरे', उजवीकडे दोनदा.

पुढच्या मंगळवारच्या मॅचमध्ये चार अमेरिकन, एक कोरियन आणि मी, आळीपाळीनं 'अरे' ओरडत होतो. कोरियन पोराचा 'रे' सगळ्यात छान लागतो. हरलो, पण नऊ गुणांनीच.