पारितोषिकाच्या नावातलं ‘कै. सौ.’

मंगळवार

मुलींच्या जुन्या शाळेतल्या स्मृती-पारितोषिकाचा इतिहास लिहायला घ्यावा तो नावापासून. ‘कै. सौ.’ असेल तर बाई नवऱ्याआधी गेल्या. बक्षिसासाठी ठेवलेली ठेव बहुधा यजमानांची. ‘कै. गं. भा.’ असेल तर मुलांची. ‘कै. कु.’ असेल तर आईवडिलांची, आणि तिथे नजर अडतेच. बाई याच शाळेत शिकलेल्या असतील तर जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, त्या माहेरच्या नावाने आहेत, पारितोषिकावर सासरच्या. ही सांगड आधी घालावी. बक्षीस मिळवलेल्या मुलींचंही तेच, म्हणून यादीत प्रत्येकीपुढे रजिस्टर क्रमांक हवाच.

खरी गुंतागुंत दानपत्रात. ‘अकरावीत संस्कृतात पहिली येणारी’ असं लिहिलेलं असतं. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी, दोन्ही तुकड्या एसएससीला बसल्या. त्या साली बक्षीसविजेत्यांच्या फलकावर दोन नावं दिसली तर ती चूक समजून एक गाळू नये. त्यानंतर शाळेत शालान्त अकरावी उरलीच नाही. ‘अकरावी’ऐवजी ‘दहावी’ करणारा ठराव संस्थेच्या इतिवृत्तात शोधावा. पुढचा पेच संयुक्त संस्कृताचा, म्हणजे दुसऱ्या भाषेबरोबर घेतलेल्या ५० गुणांच्या अर्ध्या संस्कृताचा. एकीला ५० पैकी ४९, दुसरीला १०० पैकी ९७. टक्केवारीत पहिली पुढे जाते. पण दान देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पूर्ण विषयच होता, तेव्हा मान दुसरीचा, असं मला ठामपणे वाटतं.

हिशेबाच्या वह्या कंटाळवाण्या वाटतात, पण उलगडा तिथेच होतो. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत १००० रुपये असले तर वर्षाला ३५ रुपये यायचे. मुद्दल तेवढंच राहिलं, पुस्तकं महागली; मग दोन-तीन वर्षांचं व्याज साठवून एकदाच बक्षीस दिलं जाई. यादीतल्या रिकाम्या वर्षांचं हे एक कारण. दुसरं म्हणजे मुदत ठेवीचं नूतनीकरण राहून जाणं. एप्रिल १९५७ आधीच्या नोंदी रुपये-आणे-पै अशा तीन रकान्यांत असतात. ‘२-१२-०’ म्हणजे पावणेतीन रुपये, दोन रुपये बारा पैसे नव्हेत.

फलकावर मात्र विसंबू नये. रंग उडाला की पेंटर दिसेल तसं गिरवतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, आणि पुढच्या वेळी तोच ‘ध’ पक्का होतो. प्रत्येक नाव त्या वर्षीच्या बक्षीस समारंभाच्या अहवालाशी ताडावं. अहवाल वाळवीने खाल्लेला असेल तर माजी विद्यार्थिनींकडे बक्षिसाचं पुस्तक मागावं. आतल्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर नाव, इयत्ता, वर्ष आणि मुख्याध्यापिकाबाईंची सही असते.