केवढ्याला पडली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही, घरी येणारा प्रत्येक माणूस कपाटासमोर उभा राहून पाच मिनिटांच्या आत तिकडेच येतो. ती एक रेकॉर्ड वेगळी का ठेवलीये, तिला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर का, आणि मग हळूच, केवढ्याला पडली? मी दरवेळी काहीतरी थातुरमातुर बोलतो. जुनी गोष्ट आहे, आता कुठे आठवतंय, बसा ना, चहा टाकतो. आठवतं. पैशापर्यंत आठवतं.

बाकीच्या प्रश्नांना मी आता उत्तरं देत नाही. फोनवर सगळं फुकट आहे, हो आहे, ऐका. मराठी माणसाला जॅझ कशाला, यावर तर वीस वर्षं भांडून झालंय. आणि किमतीबद्दल म्हणाल तर आम्ही रेकॉर्ड जमवणारे सगळेच खोटारडे आहोत, बायकोला कमी सांगायची आणि मित्रांना जास्त, हा या धंद्यातला साधा नियम आहे. (धंदा म्हटलं की मला राग येतो, मी आजवर एकही विकलेली नाही. पण आता लिहिलं गेलंय तर राहू दे.)

तर ती रेकॉर्ड म्हणजे सॉनी क्लार्कची 'कूल स्ट्रटिन'. ब्लू नोट कंपनीची, नंबर 1588, साल 1958. त्याच वर्षी 5 जानेवारीला रेकॉर्ड झाली, न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला, रेकॉर्डिंग करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या हॉलमध्ये, कारण त्याचा तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे तो हॉलच. पियानोवर क्लार्क, ट्रम्पेट आर्ट फार्मर, आल्टो सॅक्सोफोन जॅकी मॅक्लीन, बेस पॉल चेंबर्स, ड्रम्स फिली जो जोन्स. अमेरिकेत तेव्हा हिचं कुणाला फार कौतुक नव्हतं, जपान्यांनी मात्र नंतर तिला देव्हाऱ्यात बसवलं, आणि पहिल्या प्रेसिंगचा, म्हणजे अगदी पहिल्या छापाचा भाव डॉलरमध्ये चार आकड्यांत गेला. रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या, ढीगभर आहेत, हजारो रुपयांत मिळतात, वाजतातही छान. पहिलं प्रेसिंग ओळखायचं तर लेबलवर कंपनीचा पत्ता बघायचा, 47 वेस्ट 63, मग लेबलवर नखाला लागणारी खोल गोल खाच, आणि गाणं संपल्यावर जी कोरी चकती उरते, आम्ही डेड वॅक्स म्हणतो, तिथे आरव्हीजी, म्हणजे व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं, आणि एक छोटासा कानासारखा दिसणारा पी. तो रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याचा. पुढे ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीला विकली गेली आणि तो कान गेला. उजेडात तिरकी धरल्याशिवाय यातलं निम्मं दिसत नाही. हे सगळं मला 2011 साली तोंडपाठ होतं, हे लक्षात ठेवा.

2011, ऑगस्ट. मुंबईच्या चोरबाजारातल्या, मटन स्ट्रीटवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला, धोबी तलावला एक म्हातारी आहे, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, ट्रंकभर प्लेटा आहेत, इंग्लिश आहेत, मला नकोत, तू बघ. गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची राहायची ठिकाणं, आहेत ना त्या बाजूला, त्यातल्याच एका गल्लीत तिसरा मजला, लाकडी जिना, पाऊस नुसता कोसळत होता. दार आन्टीने उघडलं. पंचाहत्तरीच्या असाव्यात. नवरा सॅक्सोफोनवाला, आधी हॉटेलांच्या बँडमध्ये, मग सिनेमाच्या स्टुडिओत, 2003 साली गेलेला. भिंतीवर सूट घातलेल्या सात-आठ जणांचा फोटो. त्या कुठलं कुठलं गाणं सांगत होत्या, "ह्याच्यात जो सॅक्स आहे ना, तो ह्यांचा." मी मान डोलावत होतो. त्या पिढीच्या गोवेकर वाजवणाऱ्यांबद्दल मी मित्रांमध्ये भाषणं देतो, की बघा, हिंदी गाण्यातलं अर्धं हार्मनीचं काम यांनी केलं आणि रेकॉर्डच्या लेबलवर यांचं नाव कुठेही नाही. भाषण पाठ आहे माझं.

ट्रंक उघडली. बुरशीचा वास. त्रेचाळीस रेकॉर्ड निघाल्या, बऱ्याच डान्स बँडच्या, काही नॅट किंग कोल, काही चिरलेल्या. आणि मध्ये ही, खाकी कागद घातलेली, वर नेमप्लेट चिकटवून शाईने नवऱ्याचं नाव. मी कागद थोडा सरकवला आणि पाय दिसले. ज्यांनी ते कव्हर पाहिलंय त्यांना कळेल, न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून चालणाऱ्या बाईचे फक्त पाय. आन्टी हसल्या. म्हणाल्या, "दीर बोटीवर होता माझा, त्याने आणली न्यूयॉर्कहून. सासूला चालायचं नाही ते पाय, देवाच्या अल्तारच्या समोर कपाट होतं ना. म्हणून ह्यांनी कागद घातला." पन्नासेक वर्षं त्या कागदाने कव्हर नवंकोरं ठेवलं होतं, कोपरे सुद्धा टोकदार. मी रेकॉर्ड बाहेर काढली, खिडकीपाशी जाऊन तिरकी धरली. पत्ता. खाच. आरव्हीजी. कान.

आणि चेहरा हलू दिला नाही. चोरबाजारात वीस वर्षांत हीच एक कला शिकलो, की हातात सोनं आलं तरी तोंड असं ठेवायचं जसं काही शिळी भाकरी दाखवलीये कुणी. घसा कोरडा पडला होता, तो मी खोकल्यात लपवला.

त्यांनी चहा दिला, वर दोन नानकटाया. 1978 साली नवरा त्यांना रंगभवनला घेऊन गेला होता, जॅझ यात्रा या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी, सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स ऐकायला, घरापासून चालत पाच मिनिटं, आणि परत येताना हा माणूस एक शब्द बोलला नाही, घरी येऊन केस उघडली, सॅक्स बघितला आणि परत बंद केली. असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रद्दीवाला किलोनं मागतो. मी बोलली नको. तू जाणतो, तू सांग, ह्यात काय भारी आहे काय?"

मी म्हटलं, "सगळ्याच जुन्या आहेत, आन्टी."

खोटं नाही बोललो. हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलंय की त्याचे कोपरे झिजलेत. त्या म्हणाल्या सात हजार. आणि इथे, हेच मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथे मी भाव केला. साडेपाच म्हटलं. बऱ्याचशा चिरल्यात, बुरशी आलीये, असं म्हटलं. सहावर तुटलं. आन्टींनी नवऱ्याच्या रीडचा, सॅक्सच्या तोंडाला लावायच्या पट्ट्यांचा, एक डबा वर फुकट दिला, "तुला आवड आहे ना." टॅक्सीत मी प्लॅस्टिकची पिशवी पोटाशी धरून बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. घरी बायको सहा हजार ऐकून दोन दिवस बोलली नाही, इतके पैसे भंगारात घातले म्हणून.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं तेव्हाचा मी पण म्हणायचा. की मी नसतो तर किलोनेच गेली असती, पाच रुपयांत, कदाचित तिच्यात कुणी घड्याळ बसवून ड्रॉइंगरूममध्ये लावलं असतं. की जाणकारीची पण किंमत असते, वीस वर्षं मी काय फुकट घालवली? की बाजार कधीच कुणाशी नीट वागत नाही, खुद्द सॉनी क्लार्क 1963 साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला, त्याने ही रेकॉर्ड कुणी पुजतंय असं बघितलं नाही. हा शेवटचा मुद्दा मी बरीच वर्षं वापरला. फार टाकाऊ मुद्दा आहे. मेलेल्या माणसावर अन्याय झाला म्हणून मी जिवंत बाईला हजार रुपये कमी दिले, असा त्याचा अर्थ होतो. पण पहिला मुद्दा, किलोचा, तो मला अजूनही खोडता येत नाही, खरंच येत नाही, आणि कुणी खोडला की मी चिडतो.

चौदा महिन्यांनी गेलो परत. वीस हजार पाकिटात घालून. आधी का नाही गेलो, तर पैसे जमवत होतो असं स्वतःला सांगत होतो. गल्लीत निळे पत्रे लागले होते, आत खड्डा. कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणाला गोव्याला गेल्या, बहुतेक साळगावला, समोरचा म्हणाला नाही, मुलगी कॅनडात आहे तिकडे. मी दोघांपैकी कुणाचंच ऐकून पुढे शोधलं नाही. कूडमध्ये जाऊन विचारता आलं असतं, चर्चमध्ये विचारता आलं असतं. पाकीट चार महिने ड्रॉवरमध्ये होतं, मग त्याची नवी कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, आली, कारण जुन्या सुईने ती रेकॉर्ड वाजवायची भीती वाटायची.

वाजवतो का? वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, डिस्टिल्ड वॉटरने पुसून. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी तीन वेळा टिक होतं, आन्टींच्या नवऱ्यानेच कधीतरी सुई टेकवताना केलं असणार, तिथे मी दरवेळी बघत बसतो. मॅक्लीनचा आल्टो जरा वरच्या अंगाने, आंबट लागतो आणि तरी सोडवत नाही. आन्टींच्या नवऱ्याने यावरून काही उचललं असेल का आणि ते कुठल्या गाण्यात घातलं असेल, हे मी फार दिवस शोधलं. खाकी कागद मी बदललेला नाही. एकाने मला सांगितलं की कागदातल्या आम्लाने कव्हर पिवळं पडेल, ते काढून प्लॅस्टिकमध्ये घाल, भाव टिकेल.

तर केवढ्याला पडली. सहा हजारांत त्रेचाळीस. भागून बघितलंय मी, एकशे एकोणचाळीस रुपये आणि वर त्रेपन्न पैसे. रीडचा डबा वेगळा.