ओटीपी फडावर गेलाय

एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हार, गुच्छ आणि अंगठे यांचा पाऊस पडतो. 'आपल्या केंद्रातून अमुक इतके शिष्यवृत्तीधारक', खाली मुलांचे पासपोर्ट फोटो, मधोमध सरांचा किंवा मॅडमचा जरा मोठा. मीही टाकते, खोटं कशाला बोलू. पण वर्षभरानं यातल्या किती पोरांच्या खात्यात पैसे पडले, हे तिथं कुणी विचारत नाही. एकदा मी विचारलं होतं. चौघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपला.

मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा आठवीपर्यंत. पुढच्या कहाणीत हा 'आठवीपर्यंत' फार महत्त्वाचा आहे.

ज्यांच्या घरात या परीक्षेचं नाव कधी निघालं नसेल त्यांच्यासाठी सांगते. केंद्र सरकारनं 2008 मध्ये ही योजना आणली. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. पूर्वी 6,000 होते, 2017 पासून दुप्पट केले. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं घेतात, त्यात महाराष्ट्राचा कोटा 11,682. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीला 55 टक्के पाहिजेत (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना पाच टक्के सूट) आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेची किंवा अनुदानित पाहिजे. पेपर दोन, नव्वद-नव्वद प्रश्नांचे, दीड-दीड तासाचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा शाळेच्या विषयांचा: विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20.

तयारी म्हणजे जादा तास. सकाळी शाळेच्या आधी एक, सुट्टीच्या दिवशी दोन. बुद्धिमत्तेच्या पेपरला सगळ्या क्लृप्त्या पाठ करून घ्याव्या लागतात, कारण एका प्रश्नाला एकच मिनिट मिळतं. तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये आरशातलं घड्याळ शिकवत होते. आरशात चार वाजून वीस मिनिटं दिसतायत, तर खरी वेळ काय? आमची ठरलेली क्लृप्ती: अकरा वाजून साठ मिनिटांतून वजा करा, सात-चाळीस. पोरांनी माना डोलावल्या, वजाबाक्या सुरू झाल्या. दुसऱ्या बाकावरची एक पोरगी मात्र काहीच लिहीत नव्हती. तिनं प्रश्नाचा कागद उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडावर धरला. पाठीमागून घड्याळ दिसलं. "सात-चाळीस," म्हणाली, आणि कागद खाली ठेवला.

वीस वर्षं हा घटक शिकवतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

"परीक्षेत पाठपोट छापलेलं असतं," मी म्हटलं. "मागचा प्रश्न दिसेल उजेडात."

जरा विचार करून ती म्हणाली, "मग काटे मनात उलटे करीन मॅडम. वजाबाकी नको, चुकती माझी."

या पोरीचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि अर्धं गाव रिकामं होतं. परीक्षा साधारण डिसेंबरात, म्हणजे बरोबर फडाच्या दिवसांत. ती आजीजवळ राहिली म्हणून परीक्षेला बसली. तिच्यापेक्षा हुशार म्हणता येईल असा एक पोरगा त्याच वर्षी कोयत्यामागं गेला, धाकट्या बहिणीला सांभाळायला. त्याचं हॉल तिकीट माझ्या कपाटात अजून आहे. फेकवत नाही.

पोरगी निवडली गेली. ग्रुपवर अंगठे वगैरे सगळं झालं. गाव सांगत होतं की पोरीला 'अट्ठेचाळीस हजार लागले', जणू लॉटरीच.

आता तो आठवीपर्यंतचा मुद्दा. परीक्षेची तयारी आमच्या शाळेनं करून घेतली, फॉर्म आमच्या शाळेनं भरला, अभिनंदनाचा फलक आमच्या शाळेनं लावला. पण शिष्यवृत्ती नववीपासून, आणि नववीला पोरगी दुसऱ्या शाळेत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरायचा तो तिथं असताना, पहिली पडताळणी त्या शाळेनं करायची, दुसरी जिल्ह्यानं. त्या हायस्कुलाला हिची परीक्षा माहीत नाही, निकाल माहीत नाही, कुणी सांगितलेलंही नाही. मी फोन केला तर तिथल्या बाबूंनी विचारलं, "कोणती स्कॉलरशिप? आमच्याकडं काही पत्र नाही." त्यांचंही काय चुकलं म्हणा. पाचशे पोरांचे दाखले, जातीचे प्रस्ताव, पोषण आहाराची माहिती, सगळं त्या एका माणसाच्या डोक्यावर. पोर्टलचा पासवर्ड आधीच्या बाबूंच्या डायरीत, आणि ते निवृत्त.

पासवर्ड मिळायला अकरा दिवस लागले. मग अर्ज. अर्जाला ओटीपी, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर, मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात. तिथं रेंज नाही. संध्याकाळी गाडी भरून झाली की तो बांधावर चढून फोन लावायचा. आमचं ठरलं, रोज सातला मी पोर्टल उघडून बसायचं. दोन दिवस ओटीपी वेळेत पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, सा आकडे आलेत. सांगू का?"

"सांगा दादा, लवकर सांगा. पण बँकेतून बोलतोय म्हणून कुणी विचारलं तर अजिबात सांगायचे नाहीत."

"न्हाई सांगत. तुम्ही बँकेतल्या न्हाईत ना?"

एवढं होऊन पैसे आलेच नाहीत. पोर्टलवर दिसतंय की रक्कम दिली, पोरीच्या पासबुकात पाचशे रुपयांवर काही नाही. आजीनं बचत गटातून तीन हजार उचलून सायकल घेऊन दिली होती, शिष्यवृत्ती आली की फेडायचे या बोलीवर. आठ महिने गेले. मी बँकेत तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, वरून आले नाहीत. दुसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. तिसऱ्यांदा खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं काय लागतं हे खातं?"

काय लागतं खरंच.

शेवटी आधारच्या साइटवर तपासलं, आधारशी कोणतं खातं जोडलंय ते. तिथं भलत्याच बँकेचं नाव. तेव्हा आजीला आठवलं. पाचवीत असताना दुसऱ्या कुठल्याशा शिष्यवृत्तीसाठी गावातल्या केंद्रावर पोरीचं एक खातं काढलं होतं. अर्जात आपण कोणताही खातेक्रमांक लिहा, पैसे जातात ते आधारशी ज्या बँकेचं नाव जोडलेलं असतं तिथं. आमच्यात याला 'सीडिंग' म्हणतात, आणि नवं खातं काढताना सीडिंगचा कागद भरून द्यायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजीनं लोखंडी पेटी उघडली. रेशनकार्ड, जमिनीचा एक जुना उतारा, लग्नपत्रिका, आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पासबुक. त्यावर पाचवीतला फोटो, दोन वेण्या. दुसऱ्या दिवशी एन्ट्री मारून आणली तर 12,000 जागच्या जागी. आठ महिन्यांचं थोडं व्याजसुद्धा.

तेव्हापासून मी निकालाच्या दिवशी अभिनंदन नंतर करते, आधी सीडिंग बघते. कुणी शिक्षक हे वाचत असतील तर एवढं तरी करा. आणि पोर ज्या शाळेत नववीला जाणार तिथल्या मुख्याध्यापकांच्या हातात निकालाची प्रत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. मधल्या एका वर्षी नूतनीकरण राहिलं तर शिष्यवृत्ती बंद, आणि एकदा बंद पडलेली पुन्हा सुरू होत नाही.

मागं मला सगळे म्हणाले, आदर्श शिक्षकाचा प्रस्ताव टाका. पुरस्कारांची आपल्याकडं कमी नाही. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचा आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे, 5 सप्टेंबरला मिळतो, 50,000 रुपये आणि रौप्यपदक. 2018 पासून राष्ट्रीयसाठी शिक्षकाला स्वतःच अर्ज करता येतो. मी जिल्ह्याच्या पुरस्काराची फाईल करायला घेतली. रंगीत फोटो, फोटोखाली ओळी, वर्तमानपत्रातली कात्रणं, 'शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची वर्षनिहाय संख्या'. ती संख्या लिहिली आणि पेन थांबलं. त्यातल्या किती पोरांना चारही वर्षं पैसे मिळाले, असा रकाना कुठंच नव्हता. असता तर माझीच फाईल कच्ची पडली असती. फाईल अर्धवट आहे, प्लॅस्टिकचं कव्हर मात्र छान आहे.

पुरस्कारांना नावं ठेवायची नाहीत मला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली, तेव्हा आमच्या शाळेत पेढे आणले होते मी. जिल्हा परिषदेचा मास्तर म्हटल्यावर लोक जरा सरळ बसून बोलायला लागले, हे त्या एका बातमीनं केलं.

योजनांचा मात्र भरवसा नाही. 1963 मध्ये सुरू झालेली एनटीएस परीक्षा, दहावीतल्या हुशार पोरांचं ते केवढं मोठं नाव. 2,000 शिष्यवृत्त्या होत्या, अकरावी-बारावीला महिना 1,250. 2022 मध्ये स्थगित केली. माझ्या कपाटात तिची चार गाइडं आहेत, त्या हॉल तिकिटाच्या शेजारी.

आता जे मला खरं तर सांगायचं होतं. ही पोरगी गेल्या वर्षी दहावी झाली, 84 टक्के. पुढं शिष्यवृत्ती चालू राहायला 60 लागतात, तो प्रश्न नव्हता. तिला तंत्रनिकेतनात जायचं होतं, डिप्लोमाला. यंत्र उघडून बघायची तिला पहिल्यापासून हौस. सायकलची चेन, शाळेचा बंद पडलेला प्रोजेक्टर, काहीही. मार्क होते, प्रवेशही मिळाला असता. पण डिप्लोमाला गेलं की एनएमएमएस बंद. ती फक्त अकरावी-बारावीला, तेही अनुदानित किंवा सरकारी कॉलेजात. म्हणजे उरलेले 24,000 सोडायचे.

बाप म्हणाला, मॅडम सांगतील तसं.

मी अकरावी सायन्स सांगितलं. चोवीस हजार डोळ्यांसमोर होते, शिवाय डिप्लोमाला होस्टेल लागणार, त्याचा खर्च कुठून काढायचा? हिशोब बरोबर होता. तरी खिडकीशी उलटा कागद धरणारी पोरगी आता अकरावीच्या वर्गात फळ्यावरचं उतरवून घेत बसलीय हे बघितलं की माझी झोप उडते. तिच्या हुशारीला मदत म्हणून ठेवलेल्या पैशानंच तिची वाट ठरवली, आणि ती मी माझ्या तोंडानं सांगितली. ती तक्रार करत नाही. 'बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात ना मॅडम डिप्लोमाला', एवढंच एकदा विचारून गेली. मी होय म्हटलं.

या शनिवारी ती शाळेत आली होती. यंदा निवडलेल्या पोरांचं पोर्टलवरचं रजिस्ट्रेशन होतं. हल्ली त्यात चेहरा दाखवावा लागतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून, आणि अॅप सांगतं, डोळे मिचकवा. शाळेत रेंज नाही म्हणून आम्ही मारुतीच्या पाराजवळच्या लिंबाखाली बसलो. एका पोराला डोळे मिचकवायला सांगितलं की हसू यायचं, हसलं की चेहरा जुळेना. पाच वेळा झालं. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, त्याला सावलीतून काढून उन्हाकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणाली, "आता तुला सांगायची गरजच न्हाई."

उन्हानं त्याचे डोळे आपोआप मिटले. पडद्यावर हिरवी टिक आली.

"पुढचा," ती म्हणाली.