कापूर, माशी आणि माझा फुटका लाल ठिपका

परवा संध्याकाळी मामा इंदूरच्या राजेंद्रनगरला घरी आले आणि पहिलं काय विचारलं तर "देवघरातला कापूर कुठाय रे?" आरतीला अजून तासभर होता. आईने डबी दिली तर ते डबी घेऊन थेट मागच्या ओसरीत, कारण त्यांना कापूर हवा होता माझ्या एअर पिस्तुलाच्या फोरसाईटसाठी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावर नेम धरायला असते त्या उभ्या दांडीसाठी. मामांचं वय ७८, नोकरीची बरीच वर्षं महूला फौजेत गेली, फोरसाईटला ते अजूनही माशी म्हणतात.

आधी पिस्तूल उघडून रिकामं आहे ना ते बघितलं, मग माझ्याकडून बघवून घेतलं, मग परत स्वतः बघितलं. वाटीत कापराची वडी पेटवली आणि त्या काळ्याकुट्ट धुरातून माशी दोनदा फिरवली, बस. मी ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं तर कडेची ती बारीक चमक, जी मला दोन वर्षांत कधी दिसलीच नव्हती, ती गायब. माशी एकदम मखमली काळी. (हे फक्त लोखंडी साईटला हं, प्लास्टिक नाहीतर फायबरवाली असेल तर वितळून हातात येईल.)

चमक गेल्याने काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी सकाळी नेम मारतो तेव्हा ऊन उजवीकडून येतं, माशीची उजवी कड उजळते, डोळा त्या उजळ कडेलाच मधोमध धरतो आणि पिस्तूल नकळत डावीकडे वळतं. गोळ्या डावीकडे. मी शहाण्यासारखा बॅकसाईटचा (मागची खाच, जिच्यातून माशी बघायची) स्क्रू उजवीकडे फिरवत बसलो, गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाईट सरकवायची हे पाठ होतं ना, आणि संध्याकाळी ऊन डावीकडून आलं की सगळा ग्रुप उजवीकडे पळालेला. अख्खा हिवाळा मी उन्हाशी भांडून राहिलो होतो आणि दोष देत होतो त्या बिचाऱ्या स्क्रूला.

फौजेत नेम धरण्याला शिस्त घेणं म्हणतात, हिंदीतून आलेलं. आम्हा इंदूरच्या मराठी पोरांना लहानपणी वाटायचं की मामा फौजेत रोज शिस्त घेतात म्हणजे त्यांना फारच ओरडा पडत असणार.

तर मुद्द्यावर येतो. लोक मला विचारतात कुठली साईट घेऊ, कुठल्या कंपनीची, आणि माझं एकच म्हणणं आहे की भिया, आधी डोळे तपासून ये. हे मी आठ हजार रुपये घालवून शिकलोय. पन्नाशीला आलो तशी माशी धुरकट दिसायला लागली, टार्गेट मात्र स्वच्छ, म्हणजे हवं त्याच्या बरोब्बर उलटं (पिस्तुलात माशी साफ आणि टार्गेट धुरकट पाहिजे). मग मी रेड डॉट घेतली, म्हणजे काचेत लाल ठिपका दिसतो आणि तो टार्गेटवर ठेवायचा ती साईट, म्हटलं आता फोकसची कटकटच नको. पहिल्याच दिवशी काचेतून बघितलं तर ठिपका नाहीच, तारा. पाच-सहा टोकं फुटलेला, एक शेपूट खाली लोंबतंय. माल खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो तर माझ्या धाकट्या मुलीने मोबाइल काचेला लावून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल, गरगरीत. खराब माझा डोळा होता, डोळ्याची पुढची काच सगळीकडे सारखी गोल नसण्याचा दोष, अ‍ॅस्टिग्मॅटिझम. त्यामुळे रेड डॉट घेण्याआधी मित्राची मागून एकदा डोळ्याला लावून बघा आणि तारा दिसला तर मोबाइलने फोटो काढा, फुकटात निकाल लागतो. ब्राइटनेस कमी केला की तारा थोडा आवरतो, बरेच जण उगाच फुल्ल ठेवतात.

ठिपक्याचा आकारही बघा. तो एमओए या कोनाच्या मापात सांगतात, एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर, तर १० मीटरवर ३ एमओएचा ठिपका जवळजवळ ९ मिलिमीटर झाकतो आणि एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचा दहाचा गोल आहे ११.५ मिलिमीटरचा. अर्थात मॅचमध्ये रेड डॉट चालतच नाही, तिथे साधी उघडी साईट. माझ्यासारख्या हौशी माणसाचं काय, .१७७ इंची नळीचं, २० ज्यूलच्या आतल्या जोराचं, लायसन्स लागत नाही, घरच्या घरी खेळायचं.

शेवटी उपाय निघाला तो चष्म्याच्या दुकानात. डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजून गेलो, मीटरच्या आसपास भरलं, आणि दूरच्या नंबरात अर्धा प्लस चढवून नेमबाजीपुरता वेगळा चष्मा करून घेतला. काहींना पाऊण लागतो. दुकानातला पोरगा माझ्याकडे संशयाने बघत होता, हात लांब करून मी नक्की काय बघतोय त्याला कळेना. खर्च रेड डॉटच्या निम्माही नाही.

स्कोपची, म्हणजे दुर्बिणीवाल्या साईटची, गोष्ट थोडक्यात सांगतो कारण आठवली की जीव जळतो. स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर मी साधी स्कोप बसवली, म्हटलं हिला कुठे झटका असतो. असतो, आणि दोन्ही बाजूंनी असतो, पिस्टन सुटताना मागे आणि थांबताना पुढे. साधी स्कोप एका बाजूचा झटका सहन करायला बनवलेली, महिन्याभरात आतली क्रॉसची रेघ तिरकी झाली. शिवाय तिचं पॅरॅलॅक्स (म्हणजे कुठल्या अंतरावर क्रॉस टार्गेटवर स्थिर दिसतो ते) १०० यार्डाला बांधलेलं, दहा मीटरवर चित्र धुरकट आणि डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवर इकडून तिकडे. स्प्रिंगवाली असेल तर एअरगनसाठीच बनवलेली, पुढची काच फिरवून जवळचं फोकस होणारी घ्या.

आता रात्रीचं. मामा म्हणतात अंधारात नव्या पोरांच्या गोळ्या नेहमी वरून जायच्या, कारण माशी दिसेना म्हणून पोरं ती खाचेतून वर काढून बघायची. ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या साईट असतात त्या आपोआप उजळतात, बॅटरी नाही चार्जिंग नाही, पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली तर अर्धा उजेड आधीच गेलेला. फायबरची दिवसा बल्बसारखी चमकते आणि अंधार पडला की मेली, कारण ती आजूबाजूचाच उजेड गोळा करून टोकाला आणते. हे मला सिमरोलकडे एका नातेवाइकाच्या शेतावर कळलं, जाड मातीच्या भिंतीला टार्गेट लावलं होतं, सहा वाजेपर्यंत हिरवा ठिपका झकास आणि साडेसहाला मी हवेत शोधतोय.

मामांनी तिथे मला एक करून दाखवलं. वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवून नुसतं बसवलं, कारण डोळ्याला अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि मग म्हणाले टार्गेटकडे सरळ नको बघू, जरा बाजूला बघ. खरंच, सरळ बघितलं की पांढरा कागद विरघळायचा आणि बाजूला बघितलं की परत उभा राहायचा. अंधारात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यावर नसतातच. तेवढ्यात माझा फोन वाजला, स्क्रीन उजळली आणि परत वीस मिनिटं. मामांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. गोळी मात्र एकही झाडू दिली नाही, टार्गेटच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर जायचं नाही.

देखभालीत मी सगळ्यात मोठं पाप केलं ते बनियनने काच पुसायचं. इंदूरची उन्हाळ्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती काचेवर घासली की कोटिंग गेलं. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मग कापड. बंदुकीचं तेल काचेला लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर काचेत बुरशीची जाळी धरते. माउंटच्या (साईट बंदुकीवर धरून ठेवणारी पकड) स्क्रूवर नेलपॉलिशची एक रेघ, अर्धी स्क्रूवर अर्धी धातूवर, रेघ तुटली की समजायचं ढिला झाला. आमच्याकडे बायकोची मरून शेड आहे, विचारून घेतलेली.

परवा कापराचा कार्यक्रम झाल्यावर धाकटी तिची दहा मीटरची रायफल घेऊन आली. तिची साईट वेगळी, मागे बारीक भोक आणि पुढे नळीत रिंग, त्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल मधोमध धरायचा. काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि त्यातला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ती आधी फार घट्ट रिंग लावायची, तर काळ्याभोवतीचा पांढरा उजेडच दिसेना आणि डोळा गोंधळायचा, एक नंबर मोठी लावली तेव्हा ठरलं.

मामांनी बघू म्हणून हातात घेतली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लेन्स दूरची, माशी दिसत नाही म्हणून चार वर्षं त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. भोकातून बघितलं आणि गप्प झाले. बारीक भोकातून जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट होतं हे धाकटी त्यांना समजावत होती, ते ऐकत नव्हते. ओसरीच्या टोकाला टार्गेटची पेटी ठेवली, पाच गोळ्या मारल्या, पाचही काळ्यात.

"मामाआजोबा, द्या आता," ती म्हणाली.

"थांब गं," मामा म्हणाले, "अजून पाच भर. आणि ह्या नळीच्या आत कापूर लावता येतो का?"