अल्फा-१ ची तपासणी: लिहून घेण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता शोधायला एक नळीभर रक्त पुरतं. खरा वेळ जातो तो डॉक्टरांच्या हातून हे नाव तपासणीच्या कागदावर उतरेपर्यंत. माझ्या फाईलमध्ये आधी दमा होता, मग सीओपीडी (फुफ्फुसातली हवेची वाट कायमची अरुंद होण्याचा आजार) आलं. औषधं बदलत गेली, पण हे मुळात का झालं असा प्रश्न त्या फाईलमध्ये कुठेच नव्हता. पुढे कळलं की हे सगळीकडेच असं होतं. १९९४ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका पाहणीत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी ७ वर्षांहून जास्त काळ गेलेला दिसतो, आणि बऱ्याच जणांना मधल्या काळात तीन किंवा त्याहून जास्त डॉक्टर करावे लागले होते.

आजार थोडक्यात असा. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून फुफ्फुसात पोचतं. तिथे पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज नावाचं विकर सोडतात, त्याला आवर घालणं हे या प्रथिनाचं काम. त्याचा जनुक १४ व्या गुणसूत्रावर असतो, आणि त्याच्या दोन प्रती असतात: एक आईकडून, एक वडिलांकडून. नेहमीचा प्रकार एम, थोडा कमी पडणारा एस आणि खरा त्रास देणारा झेड. झेड प्रथिनाची घडी चुकते, ते यकृताच्या पेशींतच अडकून बसतं, आणि दोन्ही प्रती झेड (झेडझेड) असल्या तर रक्तात नेहमीच्या १० ते १५ टक्केच उतरतं. म्हणजे फुफ्फुसाला संरक्षण नाही आणि यकृतावर विनाकारण भार. सिगारेटच्या धुराने उरलंसुरलं प्रथिनही निकामी होतं. म्हणून या आजारात धूम्रपानाचं नुकसान इतरांपेक्षा फार लवकर दिसतं.

आता हे डॉक्टरांच्या नजरेतून का सुटतं? १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकात एक ठराविक रुग्ण बसलेला आहे: वय कमी, धूम्रपान नाही, आणि एम्फिसीमा, म्हणजे हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंतींची झीज, फुफ्फुसाच्या खालच्या भागात. शिकताना डॉक्टरांनी हेच वाचलेलं असतं, आणि समोर तसा माणूस आला नाही की हे नाव आठवत नाही. प्रत्यक्षात येणारा रुग्ण बहुधा चाळिशी-पन्नाशीतला असतो आणि त्याने कधीकाळी सिगारेट ओढलेली असते. एकदा 'सिगारेट' असं उत्तर मिळालं की पुढचा शोध थांबतो. दुसरा चकवा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीचा. पंप दिल्यावर आकडे सुधारले की दमा, हा हिशेब पक्का असतो. पण या आजारातही पंपाने आकडे बऱ्यापैकी सुधारू शकतात. सुरुवातीला छातीचा एक्स-रे साफ असू शकतो. आणि 'आपल्याकडे हा आजार नसतोच' हे वाक्य तर फार सहज बोललं जातं. झेड प्रकार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वाधिक आहे हे खरं, पण सीयामा हा दुर्मिळ प्रकार जपानमध्ये आणि एम-माल्टन सार्डिनिया व ट्युनिशियात आढळतो. जिथे कुणी तपासतच नाही तिथे आजार नसल्यासारखा वाटणारच.

तपासणी मागताना 'मला एखादा दुर्मिळ आजार असेल का' असं विचारू नये. त्याला हसून नाही म्हणणं सोपं असतं. मी विचारायचे ते असं: "मला सीओपीडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये अशा प्रत्येकाची अल्फा-१ तपासणी करावी असं म्हटलंय, गोल्ड या सीओपीडीवरच्या जागतिक गटाच्या मार्गदर्शनातही ते आहे. आयुष्यात एकदाच करायची असते. आज बाकीच्या रक्ताबरोबर लिहाल का?" यात डॉक्टरांना शंका घेण्यासारखं काही उरत नाही, ते फक्त लिहितात. सोबत एक पान ठेवावं, त्याहून जास्त नको. त्यावर धाप कधीपासून लागते, आतापर्यंतच्या स्पायरोमेट्रीचे आकडे तारखांसह, नात्यात कुणाला कमी वयात एम्फिसीमा किंवा कारण न सापडलेला सिरोसिस झाला का, कुणा बाळाची कावीळ लांबली होती का, आणि स्वतःला ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं) किंवा त्वचेखाली दुखऱ्या, फुटणाऱ्या गाठी, म्हणजे पॅनिक्युलायटिस, झाला होता का. शेवटच्या गोष्टीचा फुफ्फुसाशी संबंध कुणालाच सुचत नाही, म्हणून ती आवर्जून लिहावी.

जुनी फाईल चाळताना प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसचा (रक्तातली प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांत वेगळी करणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट सापडला तर तो वर काढून ठेवा. अल्फा-१ पट्ट्यात जे दिसतं त्यात बहुतांश हेच प्रथिन असतं. तो पट्टा सपाट असेल तर पुरावा केव्हाच हातात आलेला असतो. लॉरेल आणि एरिक्सन यांनाही तो असाच दिसला होता. तपासणी दुसऱ्याच कारणासाठी केलेली असल्याने त्या पट्ट्याकडे कुणी पाहिलेलं नसतं, एवढंच.

कागदावर नेमकं काय लिहिलंय ते लॅबकडे जाण्याआधी वाचून घ्यावं. 'अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, सीरम' असं हवं. नुसतं 'अल्फा' वाचून यकृताच्या गाठींसाठीची अल्फा फीटोप्रोटीन तपासणी होऊ शकते. याच प्रथिनाची शौचातली तपासणीही असते, पण ती आतड्यातून प्रथिन झिरपतंय का हे पाहायला. त्याच रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, तीही लिहून घ्या. कारण हे प्रथिन सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की वाढतं, आणि दम वाढून दवाखान्यात भरती असतानाच ही तपासणी लिहिली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त! तेव्हा मूळचा कमी आकडाही नॉर्मलमध्ये जाऊन बसू शकतो. सीआरपी वाढलेलं असेल तर काही आठवड्यांनी, तब्येत स्थिरावल्यावर पुन्हा मोजावं. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतानाही आकडा फुगतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते सांगावं, कारण मग सीरमवरून प्रकार ठरवताना दात्याचं प्रथिनही दिसतं.

आकडा वाचताना आधी एकक पाहा. सध्याच्या नेहमीच्या पद्धतीने नॉर्मल साधारण ९० ते २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येतं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. दोन्ही प्रती झेड असल्या की २० ते ३५ च्या आसपास. फुफ्फुसाच्या संरक्षणाची मानलेली सीमा ११ मायक्रोमोल प्रति लिटर आहे. मायक्रोमोलचा आकडा ५.२ ने गुणला की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतं, म्हणजे ही सीमा ५७ झाली. काही लॅब ग्रॅम प्रति लिटर छापतात, तिथे तोच आकडा ०.५७ दिसतो. जुन्या लेखांत ही सीमा ८० अशी वाचायला मिळते. ती जुन्या मापनपद्धतीची आहे, नव्या रिपोर्टला लावू नये. '११ पेक्षा कमी नाही ना, मग ठीक' असं कुणी ३० कडे बघून म्हणालं तर एकक दाखवायचं, वाद घालायची गरज नाही. आकडा ६० ते १०० च्या मध्ये असेल तर एक प्रत बिघडलेली असू शकते. रिपोर्टवर आकडा असामान्य असल्याची चांदणी नसली तरी खालच्या काठावरचा आकडा तिथेच सोडू नये.

पुढची पायरी प्रकार ठरवण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जनुकीय तपासणी बऱ्याचदा फक्त एस आणि झेड शोधते. ते सापडले नाहीत की काही रिपोर्टवर सरळ 'एमएम', म्हणजे दोन्ही प्रती नेहमीच्या, असं छापलं जातं. प्रत्यक्षात तिथे सीयामा, एम-माल्टन किंवा प्रथिनच न बनवणारा नल प्रकार असू शकतो. रक्तातलं प्रथिन विजेच्या मदतीने वेगळं करून प्रकार ओळखणाऱ्या आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगमध्येही नल दिसत नाही, कारण दिसायला प्रथिनच नसतं. एम आणि नल अशी जोडी एमएमसारखी दिसते. म्हणून आकडा आणि प्रकार शेजारी ठेवून पाहायचे. आकडा २५ आणि प्रकार एमएम, हे एकत्र जमत नाही. अशा वेळी संपूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग (अक्षर न् अक्षर वाचन) मागावं आणि मागणीच्या कागदावर 'पातळी व प्रकार जुळत नाहीत' असं डॉक्टरांना लिहायला सांगावं. त्या एका ओळीने लॅबलाही काम नेमकं कळतं.

निदान पक्कं झालं की तपासण्यांची यादी मोठी नसते. पंपानंतरची स्पायरोमेट्री आणि तिच्यासोबत डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो याचं माप), कारण एम्फिसीमात स्पायरोमेट्री बरी असतानाही डीएलसीओ घटलेलं असू शकतं. एकदा एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी. यकृताच्या रक्त तपासण्या आणि सोनोग्राफी; फुफ्फुसांचे डॉक्टर हे बहुधा विसरतात, तेव्हा आपण आठवण करायची. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोकोकल या लसी. शिरेतून प्रथिन देण्याचा उपचार १९८७ पासून आहे: दर आठवड्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३.६ ग्रॅम. सीटीवर फुफ्फुसाची झीज त्याने मंदावलेली दिसते. गेलेला भाग परत येत नाही आणि यकृताला त्याचा उपयोग नाही. एम आणि झेड अशी जोडी असलेल्यांसाठी तो नाही. सुरू करण्याआधी आयजीए हे रक्तातलं प्रतिपिंड तपासतात, कारण आयजीए नसलेल्या आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्या माणसाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

सख्ख्या भावंडांची तपासणी त्यांना धाप लागायची वाट न पाहता करावी. आईवडील दोघेही एमझेड असतील तर प्रत्येक अपत्याला झेडझेड येण्याची शक्यता २५ टक्के. झेडझेड माणसाच्या प्रत्येक मुलाकडे एक झेड जाणारच, म्हणून जोडीदाराचीही तपासणी केली तर मुलांबद्दलचा अंदाज लगेच येतो. भावंडाच्या डॉक्टरांकडे 'घरात काहीतरी आजार आहे' असा निरोप पाठवू नये. आपल्या रिपोर्टची प्रत द्यावी, तिच्यावर पातळी, एकक आणि प्रकार तिन्ही वाचता येतील अशी, आणि वर पेनाने 'सख्खा भाऊ' किंवा 'सख्खी बहीण' असं नातं लिहून.